अकरावं काम

मंगळवारी पहाटे यादी का गेली नाही हे शोधायला त्याने शुक्रवारी सकाळी संगणकाचा लॉग, म्हणजे त्याची आपोआप लिहिली जाणारी नोंदवही, उघडला, आणि तिथे त्याला स्वतःचंच नाव दिसलं. पाच वाजता काम सुरू करायचा प्रयत्न झाला, सुरू झालं नाही, खातं अमुक यांचं, कारण पासवर्ड चुकीचा. जेमतेम तीन ओळी. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. नाव तेच. तेवीस वर्षं तो ह्या डायलिसिसच्या दवाखान्यातले संगणक सांभाळत होता, आणि लॉगमध्ये नाव दिसायचं ते कायम दुसऱ्या कुणाचं तरी. अमक्या डॉक्टरांनी तीनदा चुकीचा पासवर्ड मारला, तमक्या सिस्टरने नको ती फाइल पुसली. मग त्या माणसाकडे जायचं, हसत हसत सांगायचं, "होतं असं, चालायचंच." स्वतःचं नाव सापडल्यावर कुणाकडे जायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. खोलीत मशीनच्या पंख्याचा आवाज चालू होता, तो आज एकाएकी मोठा वाटायला लागला.

झालं काय होतं ते एव्हाना साऱ्या इमारतीला पाठ होतं. इथले पेशंट दिवसाआड येतात, सोमवारचे वेगळे, मंगळवारचे वेगळे. जे एकटे राहतात, ज्यांना आणायला घरात कुणी नाही, त्यांच्यासाठी दोन गाड्या आहेत. उद्या कुणाकुणाला आणायचं ते आदल्या संध्याकाळी गाड्यांचं बघणाऱ्या बाई ठरवतात आणि यादी बंद करतात. पहाटे पाचला संगणक ती बंद केलेली यादी उचलतो आणि ड्रायव्हरांच्या फोनवर पाठवतो. बाईंनी यादी बंद केली नसेल तर तो काहीच पाठवत नाही. मंगळवारी काहीच गेलं नाही. फोनवर सोमवारची यादी तशीच होती, ड्रायव्हरांनी तारीख काही बघितली नाही, आणि दोन्ही गाड्या सोमवारच्याच दारांत जाऊन उभ्या राहिल्या. तिथल्या लोकांनी आधी हसून आणि मग शिव्या देऊन त्यांना परत पाठवलं. मंगळवारच्या सहाजणांपैकी पाचांनी फोन करकरून दवाखाना डोक्यावर घेतला, त्यांना उशिरा का होईना आणलं. सहावा एक म्हातारा शिंपी होता. त्याने फोन केला नाही. गाडी येणार म्हणजे येणार, असं धरून तो पायांत बूट घालून, मांडीवर पिशवी घेऊन दाराशी खुर्चीत बसून राहिला. दुपारी दोनला उठून आत जाऊन झोपला. बुधवारी त्याच्या छातीत पाणी भरलं. शेजारणीने त्याला रिक्षात घालून आणलं, आणि तेव्हापासून तो वरच्या वॉर्डात ऑक्सिजनवर होता. यादी गेली नाही म्हणजे बाईंनी ती बंद केली नाही, असा सरळ हिशेब मांडून सगळे मोकळे झाले होते. आज तीन वाजता मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत चौकशी होती. बाई अकरा वर्षं कंत्राटावर होत्या, कायम करायच्या लोकांत ह्या महिन्यात त्यांचं नाव जायचं होतं. आता ते जाणार नाही हेही सगळ्यांना पाठ होतं.

दवाखान्यात त्याला वायरमन म्हणत. तो नोकरीला लागला तेव्हा खांद्यावर वायरीचं भेंडोळं टाकून मजल्यामजल्यावर फिरायचा, तेव्हापासूनचं हे नाव. नंतर वायरी गेल्या, केस गेले, नाव राहिलं. माणसं झोपलेली असताना संगणकाने आपणहून करायची अशी अकरा कामं त्याने लावून दिली होती. रक्ताचे रिपोर्ट गोळा करणं, जुन्या फाइली दुसरीकडे नेऊन ठेवणं, औषधांचा साठा मोजणं, आणि अकरावं, यादी पाठवणं. असं काम लावताना संगणक विचारतो, हे कुणाच्या नावावर चालवू? कारण प्रत्येक खात्याला कुठे शिरायची मुभा आहे आणि कुठे नाही ते ठरलेलं असतं, आणि काम ज्याच्या नावावर चालतं त्याचेच अधिकार घेऊन चालतं. खरी रीत अशी, की कामासाठी कामाचंच वेगळं खातं काढायचं, कुणा माणसाचं नाही. त्याला लागेल तेवढीच परवानगी द्यायची, बाकी सगळी दारं बंद. पण वेगळं खातं काढायला एक फॉर्म होता, त्यावर तीन सह्या लागत, आणि सात वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी तिघांपैकी दोघे रजेवर होते. त्याने स्वतःचं नाव टाकलं. त्याच्या खात्याला कसलीच आडकाठी नव्हती, सगळं एका दमात चालायला लागलं. खाली शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'तात्पुरतं. नंतर बदलणे.' तो शेरा आज सकाळी त्याने परत वाचला. सात वर्षं.

सात वर्षं त्याने ते निभावूनही नेलं होतं, हे खरंच. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. बदलला की अकराही कामांत जाऊन नवा पासवर्ड भरायचा, नाहीतर ती कामं जुना पासवर्ड घेऊन दारावर थापा मारत बसतात आणि दार उघडत नाही. तो ते डोळ्यांत तेल घालून करायचा. एक, दोन, तीन करत, ओठ हलवत. ह्या सोमवारीही तसाच बसला होता. दहावं झालं आणि ताईचा फोन आला. आई ताईकडे असते. पुढे कुणाकडे राहायचं ह्यावर गेलं वर्षभर त्यांचं बोलणं चालू होतं, म्हणजे ताई बोलायची आणि हा "बघू" म्हणायचा. सोमवारी ताई चिडली नव्हती, हेच वाईट होतं. दमलेल्या आवाजात म्हणाली, "अरे, ती आता मला 'कोण तुम्ही' म्हणते. तुझं नाव मात्र घेते. येऊन तरी जा." तो खोलीच्या बाहेर गेला, जिन्यात उभा राहिला, खिडकीच्या गजाचा उडालेला रंग नखाने खरवडत वीस मिनिटं "हो", "हं", "बघतो ना" करत राहिला. परत येऊन खुर्चीत बसला तेव्हा सगळं आटोपलंय असंच त्याला वाटलं. त्याने संगणकाचा पडदा बंद केला आणि डब्यातलं खाल्लं. अकरावं राहिलं होतं. काम फसलं की संगणक ईमेल पाठवतो, तशी तीही आली होती. पण 'काम झालं' सांगणाऱ्या दहा-अकरा ईमेली रोज येतात म्हणून त्याने कधीकाळी त्या सगळ्या परस्पर एका कोपऱ्यात जातील अशी सोय करून ठेवली होती. त्या कोपऱ्यात तीन हजार ईमेली न वाचलेल्या पडल्या होत्या. त्यांतली एक ही.

बुधवारपासून बाई हाताने यादी लिहून ड्रायव्हरांना फोनवर वाचून दाखवत होत्या, त्यामुळे संगणकाकडे कुणी बघितलंच नव्हतं. आज सकाळी मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला, चौकशीत लावायला संगणकाचाही एक कागद द्या, फाइल पुरी होईल. फाइल पुरी करायला म्हणून तो बसला होता. आणि आता तो त्या तीन ओळींसमोर बसला असताना दारावर टकटक झाली आणि बाईच आत आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, एरवी जिन्याच्या खालच्या पायरीवरून बोलल्या तरी गच्चीवर ऐकू जावं अशा आवाजाच्या. आज आवाज घरी ठेवून आल्या होत्या.

"बिझी आहात का?"

"या ना." त्याने हात लांब करून पडदा काळा केला. का केला ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

"एकच विचारायचं होतं. मी सोमवारी यादी बंद केली होती का हो? तुमच्या मशीनमध्ये दिसत असेल ना. मला आठवतंय केली होती म्हणून. पण मग वाटतं, ते रविवारचं आठवतंय. रोज तेच करतो ना आपण, एक दिवस दुसऱ्यासारखाच. तीन दिवस तेच डोक्यात. माझे मिस्टर म्हणतात, विसरली असशील, वय झालं. काय माहीत. असेलही."

त्यांनी यादी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी बंद केली होती. ते त्याला लॉगमध्ये मघाशीच दिसलं होतं. 'हो, केली होती' एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण त्या तीन शब्दांच्या मागून लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग गेली का नाही? आणि तो तिथवर जायला तयार नव्हता.

"बघतो," तो म्हणाला. "वेळ लागेल जरा. खूप मागचं आहे."

"बघा हं. तीनच्या आत सांगितलंत तर बरं होईल. म्हणजे मला कळेल काय बोलायचं ते." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "तुम्ही जेवलात का? चेहरा उतरलाय तुमचा."

त्या गेल्यावर तो बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मग, हातांना काहीतरी काम द्यायला हवं म्हणून, सात वर्षं राहिलेलं काम काढलं. फॉर्म भरला. नवीन खातं, नाव यादीचं, माणसाचं नाही. सह्या संध्याकाळी घेता येतील, आज कोण अडवणार होतं. मग परवानग्या. ह्या खात्याने कुणाच्या पडद्यासमोर बसून आत यायचं नाही, फक्त ठरल्या वेळी उठून नेमून दिलेलं काम करायचं, एवढीच मुभा. मग बंद केलेल्या याद्यांची फाइल वाचायची मुभा, वाचायचीच, बदलायची नाही. पाठवायच्या खणात लिहायची मुभा. बस्स. पेशंटांचे रिपोर्ट नाहीत, पगार नाहीत, दुसऱ्या मजल्यावरचं काही नाही. त्याने काम चालवून बघितलं. संगणक म्हणाला, परवानगी नाही. कुठली राहिली ते शोधलं, तेवढीच दिली. परत चालवलं. परत परवानगी नाही. हे असंच करायचं असतं, हात आखडून, एकेक दार किलकिलं करत. सगळं उघडं टाकून मोकळं होणं सोपं. त्याने आयुष्यभर नव्या पोरांना हेच शिकवलं होतं आणि आपल्या खात्याला मात्र किल्ल्यांचा अख्खा जुडगा दिला होता.

आणि का दिला होता? सह्या नव्हत्या म्हणून, हे त्या एका संध्याकाळपुरतं ठीक होतं. नंतरच्या सात वर्षांत सह्या करणारे रजेवरून परत आले नव्हते की काय! त्याला अण्णा आठवले, त्याचे वडील. अण्णा शाळेत शिपाई होते, घंटेचं काम त्यांच्याकडे. एकदा ते तापाने फणफणले आणि शाळेत पहिला तास दीड तास चालला, कारण गणिताच्या मास्तरांना कुणी थांबवलंच नाही आणि ते थांबण्यातले नव्हते. पोरांचे हाल कुत्रा खाईना. ही गोष्ट अण्णा पुढे वीस वर्षं सांगत होते, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की आई म्हणायची, "तुम्हाला बरं नव्हतं ह्यापेक्षा तुमच्यावाचून अडलं ह्याचाच आनंद जास्त." तेव्हा सगळे हसायचे, हाही हसायचा. आता मशीनच्या थंड खोलीत त्याला ते हसू आलं नाही. त्याला ठाऊक होतं की रोज पहाटे पाचला, तो अंथरुणात कूस बदलत असताना, त्याचं नाव इमारतभर हिंडून अकरा कामं करून येतं, ही गोष्ट त्याला आवडायची. गाड्या निघायच्या, माणसं जगायची, आणि कागदावर कुठेही नसलं तरी आत खोल कुठेतरी ते त्याच्या नावावर चालायचं. घरी बायकोशी बोलणं कमी झालं होतं, मुलगी दूर गेली होती, आईला बघायला जाणं होत नव्हतं. पण पहाटे पाचला तो वेळेवर असायचा. आळसाने नव्हे, ह्याच्यासाठी त्याने ते बदललं नव्हतं. हे इतकं बारकं आणि इतकं लाजिरवाणं होतं, की चौकशीच्या कागदावर ते कुठल्या रकान्यात लिहिणार.

पाचव्या खेपेला काम चाललं. निकाल, शून्य. ह्या धंद्यात शून्य म्हणजे पैकीच्या पैकी. आता फक्त जुनं काम काढून नवं कायम करायचं राहिलं होतं, आणि तिथे त्याचा हात थांबला. जुनं काम काढलं की त्याच्यासोबत त्याचा मागचा सगळा इतिहास जातो, त्या तीन ओळींसकट. लॉगची दुसरी एक प्रत मशीनमध्ये राहते, पण तीही सात दिवसांत आपोआप पुसली जाते. म्हणजे काही लबाडी करायचीही गरज नव्हती. आपलं काम नीट, नियमाप्रमाणे करायचं आणि गप्प बसायचं. त्याच्याखेरीज ह्या इमारतीत लॉग वाचणारं कुणी नव्हतं. बाईंना 'दिसत नाही हो' सांगितलं असतं तर त्यांनी मान हलवली असती. त्या तर निम्म्या कबूल झालेल्याच होत्या. खापर फुटलं होतं, फक्त ते त्याच्या डोक्यावर नव्हतं. इतकं सोपं होतं ते, की त्याला एकदम दमल्यासारखं झालं. पासवर्ड, सह्या, ताईचे फोन, नव्वद दिवस, परत नव्वद दिवस. एवढं सगळं ओढल्यावर माणसाला एकदा नुसतं गप्प बसायचीही मुभा नसावी? त्याने घड्याळ बघितलं. पावणेतीन. त्याने त्या तीन ओळी छापायला दिल्या. प्रिंटरने कागद अडकवला, म्हणून झाकण उघडून तो ओढून काढला आणि परत छापला. चुरगळलेला आणि बरा असे दोन्ही कागद खिशात घातले. ते का घेतले ते त्याचं त्यालाही पक्कं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या. डॉक्टर, मोठ्या सिस्टर, ऑफिसातले हेडक्लार्क, बाई, आणि तो. डॉक्टर भले गृहस्थ होते, पण सकाळपासून उभे होते आणि त्यांना हे आटपायचं होतं. त्यांनी झालेली हकिगत वाचून दाखवली आणि बाईंकडे बघितलं.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. क्षणभरच. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"मला आठवतंय बंद केल्याचं," बाई म्हणाल्या. "पण गेली नाही म्हणजे नसेल केली. दुसरं काय असणार. चूक माझीच..."

"केली होती," तो म्हणाला. "सहा वाजून चार मिनिटांनी. त्यांनी यादी बंद केली होती. गेली नाही ती माझ्यामुळे." आणि त्याने कागद टेबलावर ठेवला, नेमका चुरगळलेला.

तो सगळं बोलला. खातं, सात वर्षं, पासवर्ड, अकरावं काम. बोलता बोलता आपण फार तपशिलात जातोय हे त्याला कळत होतं. हेडक्लार्कची लेखणी 'खात्याचे अधिकार'पाशीच थांबली होती. डॉक्टरांनी डोळे चोळले.

"म्हणजे बाईंचा संबंध नाही?"

"नाही."

"मग पासवर्डची भानगड झाली. तांत्रिक बिघाड. लिहा हो, तांत्रिक बिघाड, दुरुस्ती केली आहे. केलीत ना?"

"होत आलीय. पण बिघाड नव्हता डॉक्टर, मी..."

"अहो वायरमन, तुम्हाला घरी बसवलं तर उद्या दवाखाना कोण चालवेल? मी?" डॉक्टर थकलेलं हसले, मोठ्या सिस्टरही हसल्या. "बाई, तुमचं नाव जाईल पुढे. संपलं." हेडक्लार्कने लिहिलं. दोन शब्द, खाली ठिपका. आपल्यावाचून अडतं हे ऐकून त्याने हसणाऱ्यांकडे न बघता खुर्ची मागे सारली.

बाई जिन्यात त्याची वाट बघत उभ्या होत्या. आभार मानतील अशी त्याला भीती वाटली. त्या आभार मानणार नव्हत्या.

"सकाळी मी आले तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

तो 'नुकतंच कळलं' म्हणू शकला असता. "हो," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली, जणू किराण्याच्या यादीतली एक वस्तू मिळाली. "तुमची चूक झाली ते जाऊ दे. कुणाची होत नाही? पण मी तोंड वर करून विचारलं आणि तुम्ही बघतो म्हणालात. मी जेवले नाही हो दुपारी, तुमच्या निरोपाची वाट बघत." त्यांचा खरा आवाज आता परत येत होता, जिन्यात घुमत होता. "आणि काल मी त्या आजोबांच्या पाया पडून आले. माझ्यामुळे झालं म्हणाले, माफ करा म्हणाले. रडले मी तिथे, सगळ्यांदेखत. ते कुठल्या फाइलीत दुरुस्त करणार तुम्ही?"

उत्तराची वाट न बघता त्या खाली गाड्यांकडे निघून गेल्या. तो वर चढला. तेवीस वर्षांत तो वरच्या वॉर्डात कितीदा तरी गेला होता, पण दर वेळी टेबलाखाली वाकून. माणसांच्या चेहऱ्याकडे बघत तो तिथे पहिल्यांदाच चालला होता. शिंपी खिडकीजवळच्या पलंगावर होता, किरकोळ अंगाचा, नाकात नळी. ऑक्सिजनच्या त्या सू-सू आवाजात डोळे मिटून पडला होता. हा खाटेशी उभा राहून हळूच म्हणाला, "आजोबा, मी इथला संगणकवाला. मंगळवारी गाडी आली नाही, ते..."

"मोठ्याने बोला," पलीकडून सिस्टर म्हणाली. "कानाचं मशीन घरीच राहिलंय त्यांचं."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "काय?"

"चूक माझी होती."

"कोण?"

"मंगळवारची चूक!" त्याने आवाज चढवला. "बाईंची नव्हती! माझी होती!"

"बाई येऊन गेल्या काल," म्हातारा म्हणाला. "फार रडत होत्या बिचाऱ्या. मी म्हटलं त्यांना, जाऊ दे पोरी."

"त्यांची नव्हती!" तो आता ओरडत होता. वॉर्डातल्या बारा पलंगांवरची माणसं, त्यांच्या उशाशी बसलेल्या बायका, औषधाची ट्रॉली ढकलणारी सिस्टर, सगळे वळून बघत होते. "माझी चूक! मी विसरलो! बाईंचा काही दोष नाही! मला सकाळीच कळलं होतं, आणि मी बोललो नाही!"

हे शेवटचं त्याला कुणी विचारलं नव्हतं. ते त्याच्या तोंडून निघून वॉर्डभर गेलं आणि तिथेच राहिलं. म्हातारा त्याच्याकडे बघत होता, कापडाचा तागा उलगडून विणीतला दोष शोधावा तसा, वरपासून खालपर्यंत.

"मी दोनपर्यंत बूट काढले नाहीत," शेवटी म्हातारा म्हणाला. "म्हटलं, आता येईल. आता येईल."

"हो," तो म्हणाला, आणि मग आठवण होऊन मोठ्याने, "हो!"

"त्या बाईंना मी लगेच जाऊ दे म्हटलं. तुम्हाला आज नाही म्हणता येत मला. दमलोय मी." त्याने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "उद्या या. आणि स्वतः या. कुणाकरवी निरोप धाडू नका."